एकशे आठ रूपांची माळ

व्याकरण हा विषय रुक्ष आहे असा एक सार्वत्रिक समज आहे. व्याकरणाच्या तासाला विद्यार्थी खिडकीबाहेर पाहतात आणि शिक्षक घड्याळाकडे पाहतात, हे आम्ही तीस वर्षे अवलोकन करीत आलो आहो. काव्यात रस आहे, कादंबरीत कुतूहल आहे, परंतु क्रियापदाच्या रूपावलीत काय आहे? असा प्रश्न कोणी विचारला तर त्यास वाईट म्हणता येणार नाही. तथापि एका परक्या भाषेतील एका अगदी साध्या क्रियापदाच्या संगतीत आमचे गेले वर्ष गेले, आणि त्या संगतीचा वृत्तांत वाचकांस सादर करावा असे आम्हांस वाटते.

पन्नाशी उलटल्यावर मनुष्यास कसली ना कसली हौस सुचते. कोणी गुलाबांची कलमे करितो, कोणी ज्योतिषाकडे वळतो. आम्हांस 'दोन किखोते' हा ग्रंथ त्याच्या मूळ स्पॅनिश भाषेत वाचण्याची इच्छा झाली. त्याचा पहिला भाग १६०५ साली आणि दुसरा १६१५ साली प्रसिद्ध झाला. उभ्या आयुष्यात त्याची इंग्रजी भाषांतरे आम्ही शिकविली. मुळास मात्र हात लाविला नव्हता. आमच्याच एका जुन्या विद्यार्थिनीने ही भाषा उत्तम संपादन केली असल्यामुळे आम्ही तिचे शिष्यत्व पत्करले. ती आम्हांस 'सर' म्हणते आणि आमच्या वहीवर तांबड्या शाईने खुणा करिते. या व्यवस्थेत उभयपक्षी थोडी गंमत आहे.

स्पॅनिश क्रियापदांचे तीन वर्ग आहेत. मूळ रूपाच्या अंती 'आर', 'एर' किंवा 'ईर' येते, त्यावरून वर्ग ठरतो. पहिल्या वर्गाचा नमुना म्हणून बहुतेक पाठ्यपुस्तके 'आब्लार', म्हणजे बोलणे, हे क्रियापद घेतात. 'आर' काढून टाकावे, 'आब्ल' एवढा धातू उरतो, आणि त्यास प्रत्यय लावीत जावे. आब्लो म्हणजे मी बोलतो, आब्लास म्हणजे तू बोलतोस, आब्ला म्हणजे तो बोलतो. पुढे आब्लामोस, आब्लाइस, आब्लान ही अनेकवचने. प्रत्ययातच पुरुष व वचन सामावलेले असल्यामुळे 'मी', 'तू' हे शब्द बहुधा गाळले जातात. मात्र बोलणारा पुरुष आहे की स्त्री आहे हे क्रियापद सांगत नाही. 'बोलतो' आणि 'बोलते' यांत वाढलेल्या मराठी मनुष्यास 'आब्ला' हे रूप प्रथम थोडे निर्विकार वाटते.

आता या एका क्रियापदाची एकंदर रूपे किती, याचा हिशेब आम्ही एका रविवारी मांडिला. स्वार्थात पाच साधे काळ व पाच संयुक्त काळ, इच्छा, संशय इत्यादी दाखविणारा जो दुसरा अर्थ आहे त्यात तीन साधे व तीन संयुक्त, मिळून सोळा. प्रत्येक काळाची सहा रूपे धरिली तर शहाण्णव होतात. या दुसऱ्या अर्थातील दोन भूतकाळांस रूपांचा एकेक पर्यायी संच आहे, त्याची बारा रूपे मिळविली म्हणजे बेरीज बरोबर एकशे आठ येते. आज्ञार्थ व कृदन्ते यांत धरलेली नाहीत. एकशे आठ! स्पॅनिश वैयाकरणांच्या मनात जपमाळ खचित नव्हती. पण सकाळी फिरावयास जाताना आम्ही ती रूपे मण्यांप्रमाणे ओढू लागलो, हे खरे. यांपैकी एक काळ, दुसऱ्या अर्थातील भविष्यकाळ, बोलण्यातून जवळजवळ नाहीसा झाला असून कायद्याच्या भाषेत व काही जुन्या म्हणींत तेवढा उरला आहे. माळेत काही मणी केवळ संख्येसाठी असावेत, तसे ते आहेत.

या रूपांत एक चमत्कार आहे. 'आब्लो' याचा उच्चार पहिल्या अक्षरावर जोर देऊन केला तर 'मी बोलतो' असा अर्थ होतो. शेवटच्या अक्षरावर जोर दिला तर 'तो बोलला' असा होतो. 'आब्ले' याचेही तसेच. जोर आधी दिला तर 'तो बोलो' अशी इच्छा. जोर शेवटी दिला तर 'मी बोललो' अशी आठवण. मराठीत आघाताने काळ बदलत नाही, त्यामुळे आमच्या कानास हा भेद धरावयास फार दिवस लागले. इच्छा आणि आठवण यांच्यामध्ये केवळ एका आघाताचे अंतर असावे, ही गोष्ट तेव्हा आम्हांस नुसती मौजेची वाटली.

भूतकाळ दोन. 'आब्लो' म्हणजे बोलला, झाले, संपले. 'आब्लाबा' म्हणजे बोलत असे. त्या बोलण्याचा शेवट झाला की नाही याविषयी रूप मौन धारण करिते. हा भेद आपणांस परका नाही. आपला रीतिभूतकाळ हेच काम करितो. भविष्यकाळाची उत्पत्ती त्याहून मनोरंजक आहे. लॅटिन भाषेतील भविष्यकाळाची जुनी रूपे लोप पावली, तेव्हा लोकांनी मूळ क्रियापदापुढे 'असणे, जवळ बाळगणे' या अर्थाच्या क्रियापदाची वर्तमानकाळी रूपे जोडून नवा भविष्यकाळ घडविला. 'आब्लार' आणि 'ए' मिळून 'आब्लारे'. म्हणजे 'मी बोलेन' याच्या पोटात 'मला बोलावयाचे आहे' हे दडलेले आहे. नेब्रिखा या पंडिताने १४९२ साली कॅस्टिलच्या भाषेचे पहिले छापील व्याकरण सालामांका येथे प्रसिद्ध केले. त्याने ही जोडणी त्याच वेळी ओळखिली होती. पुढे काराकास येथे जन्मलेल्या आंद्रेस बेयो याने १८४७ साली अमेरिकेतील स्पॅनिश भाषिकांसाठी व्याकरण रचिले आणि काळांस मोठी तर्कशुद्ध नावे दिली. 'आब्लारिआ' या रूपास तो भूतकाळानंतरचा काळ म्हणतो. 'तो बोलेल असे वाटले होते' यातील 'बोलेल' जेथे उभे आहे, ते ठिकाण. आपल्याकडे दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ सालचे, म्हणजे बेयोच्या अकरा वर्षे आधीचे, हे सांगावयास आम्हांस अभिमान वाटतो.

हे सर्व मोठ्या उत्साहाने चालले असता आश्विनात आमच्या मातोश्रींस अर्धांगवाताचा झटका आला. वय ऐंशीच्या पुढे. जीव वाचला, उजवा हात लुळा पडला, आणि वाचा गेली. समजत सर्व असे; माणसे ओळखीत, विनोदास हसत; परंतु तहान लागली असता 'पाणी' हा शब्द त्यांस सापडत नसे. शब्द शोधताना त्यांच्या चेहऱ्यावर जे कष्ट दिसत ते पाहवत नसत.

तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी दिवेलागणीस आमच्या पत्नीने रामरक्षा म्हणावयास प्रारंभ केला, आणि मातोश्रींनी मागून सूर धरिला. अडखळता का होईना, शेवटपर्यंत म्हटली. घरात आनंदीआनंद झाला. लगेच आम्ही विचारिले, "आई, पाणी हवे का?" त्यांनी मान हलविली, ओठ हलविले, आणि शब्द आला नाही. डॉक्टरांनी नंतर समजाविले की पाठ असलेले म्हणणे आणि मनातले बोलणे ही मेंदूची दोन निराळी कामे आहेत. एक शाबूत राहून दुसरे जाऊ शकते. त्या वेळी आम्हांस 'बोलणे' या क्रियापदाची एकशे आठ रूपे तोंडपाठ होती, आणि स्पॅनिश भाषेत पेलाभर पाणी मागण्याची आमचीही छाती नव्हती.

समाचारास मंडळी येत. "काकू किती गोड बोलत असत," असे त्यांच्यासमोरच म्हणत. येथवर ठीक होते. रीतिभूतकाळ दार लावून घेत नाही. परंतु एका वृद्ध नातलगांनी विचारिले, "शेवटी काय बोलल्या हो?" आमची पत्नी व्याकरण शिकविणारी नव्हे, पण ती तत्काळ म्हणाली, "शेवटी नका म्हणू. झटका येण्यापूर्वी म्हणा."

त्याच सुमारास आमचा पाठ त्या दुसऱ्या अर्थापाशी आला. त्याची युक्ती एका स्वराची आहे. 'आर' वर्गातील 'आ' चा 'ए' होतो, आणि 'एर' व 'ईर' वर्गांतील 'ए' चा 'आ' होतो. आब्ला म्हणजे ती बोलते. आब्ले म्हणजे ती बोलो. वस्तुस्थिती सांगावयाची असेल तर एक स्वर. इच्छा, भीती, संशय किंवा अद्याप न घडलेली गोष्ट सांगावयाची असेल तर दुसरा. 'जेव्हा ती बोलेल तेव्हा' असे म्हणतानासुद्धा हा दुसराच स्वर लागतो. कारण जे घडले नाही ते घडल्यासारखे सांगण्यास ही भाषा तयार नाही. आदराने आज्ञा करावयाची झाल्यासही हेच रूप उसने घेतात. आपण 'आपण बोलावे' असे म्हणताना विध्यर्थ उसना घेतो, तसेच.

या अर्थास नेहमी सोबत घेऊन येणारा 'ओखाला' हा शब्द अरबी भाषेतून आला. 'ईश्वराची इच्छा असती तर' असा त्याचा मूळ भाव. ग्रानाडाचे अखेरचे मुसलमानी राज्य १४९२ च्या जानेवारीत गेले, शब्द राहिला. त्यापुढे तीन पायऱ्या येतात. 'ओखाला आब्ले', देव करो आणि ती बोलो. हे शक्य आहे. 'ओखाला आब्लारा', ती बोलती तर. हे अवघड दिसते. 'ओखाला उबिएरा आब्लादो', ती बोलली असती तर. आता उपाय नाही. आमच्या विद्यार्थिनीने फळ्यावर ही तीन वाक्ये लिहून विचारिले, "सर, भेद ध्यानात आला?" आम्ही होय म्हटले.

मराठीत या तिन्ही पायऱ्या आहेत. आपण त्या न मोजता चढउतार करितो इतकेच. आमच्या घरात मात्र त्या दिवसापासून आम्ही मोजू लागलो. मार्गशीर्षापर्यंत सर्वजण पहिल्या पायरीवर होते. पौषात धाकटे बंधू दूरध्वनीवर म्हणाले, "आई बोलती तर किती बरे होते!" माघात डॉक्टर, जे अत्यंत प्रामाणिक व मायाळू गृहस्थ आहेत, म्हणाले, "फार मोठी सुधारणा व्हायची असती, तर एव्हाना तिची चिन्हे दिसली असती." मनुष्याची आशा एकदम जात नाही, ती क्रियापदाच्या एकेका रूपातून खाली उतरते, आणि उतरणाऱ्यास ते कळतही नाही. डॉक्टरांच्या ज्ञानाशी आम्हांस वाद घालावयाचा नव्हता. परंतु त्यांचे वाक्य आम्ही घरात सांगितले ते पहिल्या पायरीच्या भाषेत सांगितले. हे सत्याला सोडून होते असे आम्हांस वाटत नाही. जी गोष्ट घडली नाही असे ठरलेले नाही, तिच्यासाठी 'बोलो' हेच रूप शुद्ध आहे.

वैशाखात एके दुपारी आमची पत्नी आंबे कापीत होती. पहिली फोड कोणास द्यावी म्हणून तिने ताटलीत ती नुसती ठेविली होती. मातोश्रींनी डावा हात पुढे केला आणि म्हणाल्या, "दे."

'आंबा' हा शब्द अद्याप आलेला नाही. 'पाणी' कधी येतो, कधी नाही. स्पॅनिश कोष्टकात आज्ञार्थाचा रकाना सर्वांच्या शेवटी छापतात. आमच्या घरी तो सर्वांच्या आधी आला. मराठी आज्ञार्थाच्या या रूपास प्रत्यय लागत नाही, नुसता धातू पुरतो, ही सोय त्या दिवशी आम्हांस फार मोठी वाटली. स्पॅनिश भाषेत 'देणे' हे क्रियापद नियमित नाही. त्याचा पाठ पुढील आठवड्यात आहे.