बॉडसीचा प्रतिध्वनि

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफोक परगण्यांत, डेबेन नदी समुद्रास मिळते. मुखाच्या उत्तर तीरावर बॉडसी आहे. शिक्षणानिमित्त तिकडे असलेल्या पुतण्यासह एका सुटीच्या दिवशीं आम्ही फेलिक्स्टोकडून नावेनें तेथें गेलों. येथील वाडा ब्रिटिश हवाईखात्यानें १९३६ सालीं विकत घेतला व १९३७ सालीं तेथें रडारचें ठाणें चालूं झालें. ३६० फुटी पोलादी मनोरे आतां नाहींत. शेवटचा २००० सालीं पाडला. प्रक्षेपक यंत्रांच्या जाड भिंतींच्या इमारतींत संग्रहालय आहे.

आम्हांस नवल वाटलें तें युक्तीच्या साधेपणाचें. रेडिओलहरींचा एक क्षणिक ठोका आकाशांत सोडावयाचा आणि विमानाच्या धातूवर आपटून त्याचा जो अत्यल्प अंश परततो तो टिपावयाचा. लहरींचा वेग सेकंदास सुमारें ३,००,००० किलोमीटर. परतण्यास सेकंदाचा हजारावा भाग लागला तर जाऊन-येऊन ३०० किलोमीटर झाले. अर्थात् विमान १५० किलोमीटरांवर. पडद्यावरील प्रकाशाच्या रेघेंत प्रतिध्वनि आला कीं खांच पडे; खांचेजवळचा अंक तेंच अंतर.

परंतु दिशाहि हवी. आजच्या विमानतळांवर एरियल गरगर फिरतें, त्याचा झोत अरुंद असतो. प्रतिध्वनि आला त्या क्षणीं एरियलचें तोंड जिकडे, तिकडे विमान. बॉडसीचीं एरियलें स्थिर होतीं. तेथें खांच नाहींशी होईपर्यंत एक चकती फिरवीत व तिच्यावरून दिशा वाचीत. निरनिराळ्या उंचीवरील एरियलांत आलेल्या लहरी ताडून विमानाची उंची अजमावीत. हें काम पुष्कळदां हवाईदलांतील तरुण मुली करीत. १९४० सालच्या उन्हाळ्यांत किनाऱ्यावरील अशा ठाण्यांमुळेंच शत्रूची चाहूल आधीं लागे.

“काका, विमानानें उत्तरच दिलें नाहीं तर?” पुतण्यानें विचारलें.

“उत्तर मागतो कोण? त्याचें अंगच उत्तर देतें!” आम्ही जरा ऐटींतच म्हणालों.

“मग तें आपलें कीं परक्याचें, हें कसें ओळखावयाचें?”

आमची ऐट तेथेंच उतरली. ६ सप्टेंबर १९३९ रोजीं शत्रु येत असल्याची खोटी वर्दी गेली. शोधास निघालेलीं ब्रिटिश विमानेंच शत्रूचीं समजलीं गेलीं आणि ब्रिटिश स्पिटफायर विमानांनीं दोन ब्रिटिश हरिकेन पाडलीं. माँटेग्यू हल्टन-हॅरप हा तरुण वैमानिक त्यांत मरण पावला. त्याचें विमान इप्स्विचजवळ कोसळलें. बॉडसीहून तें ठिकाण फार दूर नाहीं. प्रतिध्वनीस ठिकाण ठाऊक असतें, नांव नसतें.

पुढें विमानांतच उत्तर देणारें यंत्र बसविण्यांत आलें. आज जमिनीवरील दुसरें रडार विचारतें आणि विमान आपला सांकेतिक अंक व उंची कळवितें. तरी पहिला प्रकार अजून टाकलेला नाहीं. तें यंत्र बिघडलें किंवा कोणीं मुद्दाम बंद केलें, तरी विमानाचें अंग कांहीं लपत नाहीं.

परततांना नाव पैलतीरीं होती. धक्क्यावरची फळी हालवून नावाड्यास खूण करावी, असा तेथील रिवाज आहे. पुतण्यानें ती हालविली. नाव निघाली. नावाडी जवळ आल्यावर आम्हांस ओळखून हंसला, आणि वारा वाढण्यापूर्वीं बसा म्हणाला.