जागा कुणाच्या नावावर?

आमच्या बेळगावात मुलगी द्यायची तर आधी चौकशी होते, घर स्वतःचं का भाड्याचं? आणि स्वतःचं असेल तर कुणाच्या नावावर? हाच प्रश्न अमेरिकेत एका हिशेबी माणसानं बर्गरच्या दुकानाबद्दल विचारला.

मॅकडॉनल्ड्स मुळात रिचर्ड आणि मॉरिस या दोघा भावांचं, कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावचं. 1954 मध्ये मिल्कशेकची यंत्रं विकणारा रे क्रॉक तिथं आला आणि त्यानं शाखा वाटण्याचा हक्क मिळवला. शंभर डॉलरच्या विक्रीवर त्याला मिळायचे 1.90, त्यातला अर्धा डॉलर भावांना द्यायचा. शाखा वाढताहेत, पण गल्ला रिकामा! तेव्हा हॅरी सॉनबॉर्ननं वाट काढली. जागा आपण लांब मुदतीनं घ्यायची, शाखावाल्याला चढ्या भाड्यानं द्यायची. त्यासाठी 1956 मध्ये वेगळी कंपनीच काढली. पुढं जागा विकतही घेतल्या. भाडं ठरलेलं, नाहीतर विक्रीतला हिस्सा. जे जास्त असेल ते. शाखावाला नियम मोडायला लागला तर भाडेकरार हातात आहेच. तळणी त्याची, घाम त्याचा, जमीन यांची.

भावांनी 1961 मध्ये 27 लाख डॉलर घेऊन सगळं विकलं. पहिलं दुकान तेवढं ठेवलं, पण स्वतःचं आडनाव पाटीवरून उतरवावं लागलं. क्रॉकनं जवळच आपली शाखा काढली, आणि भावांचं दुकान पुढं बंद पडलं. मला ह्याचं फार वाईट वाटतं.

हे सगळं मी ताईला सांगितलं, कारण तिच्या मुलाला एका खाद्यकंपनीची फ्रँचायझी घ्यायची आहे. आणि बँकेत तारण काय, तर ताईच्या नावावरची रस्त्याकडची जागा. म्हणजे पाटी कंपनीची, रॉयल्टी कंपनीला, आणि दुकान बसलं तर जागा जाणार ताईची.

मी म्हटलं, "तारण देऊ नको. त्यालाच भाड्यानं दे, रीतसर कागद करून."

ताईच्या पोटात गोळाच आला. आमच्याकडं 1974 च्या कूळकायद्यात घरोघरच्या जमिनी गेल्या, तेव्हापासून भाडं, खंड हे शब्द काढले की म्हातारी माणसं अजून दचकतात. तो शेतीचा कायदा, दुकानाला नाही, हे वकिलांनी दोनदा सांगितलं तेव्हा कुठं ती सावरली.

मुलगा मात्र रुसला. "मावशी, आईला भाडं देऊ का मी आता?"

"का नको? कंपनीला रॉयल्टी देणारच आहेस की!"

आता बँकेला दुसरं काय तारण देता येईल ते तो बघतोय. कागद टंकून झालाय. अकरा महिन्यांचा नको, लांब मुदतीचा नोंदवायचा असं ठरलंय. भाड्याचा आकडा तेवढा कोरा आहे. ताई म्हणते, लेकाकडून काय घ्यायचं, हजार रुपये लाव. मी शेजारच्या गाळ्याचं भाडं विचारून आलेय.