ॲम्प्यूलमधला धोतरा

“काय झालंय?”

“औषध लागलंय, सिस्टर. सकाळधरनं फवारत होता.”

आमच्या धाराशिव जिल्ह्यात हे वाक्य कुणाला उलगडून सांगावं लागत नाही. सोयाबीनवर मारायचं तेही औषध आणि दवाखान्यातनं आणायचं तेही औषध. कळंबकडच्या माझ्या गावात मी लहानपणापासून असंच बोलत आले. पण बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी, ऑगस्टातल्या एका संध्याकाळच्या ड्यूटीवर, या एका शब्दानं मला असं काही धरलं की त्या दिवसापासून माझं फार्माकॉलॉजीचं पुस्तक मला पूर्वीसारखं दिसतच नाही!

तोवर ते पुस्तक म्हणजे नुसत्या याद्या होत्या. औषधाचं नाव, डोस, साईड इफेक्ट, विषारी लक्षणं, कुणाला द्यायचं नाही. मळमळ, उलटी, भोवळ, डोकेदुखी. प्रत्येक पानावर तेच शब्द, फक्त क्रम वेगळा. रात्री पाठ करायचं आणि सकाळी विसरायचं.

मग तो पेशंट आला. अंगावरचा सदरा घामानं पिळून काढावा इतका ओला, तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी. छातीत नुसती घरघर. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, “ॲट्रोपिन.” सिस्टरांनी मला ट्रॉलीपाशी उभं केलं. “फोडून देत जा. रिकाम्या ॲम्प्यूल टाकू नकोस, ट्रेमध्ये ठेव. मोजायच्यात.”

आमच्याकडं येणाऱ्या एका ॲम्प्यूलमध्ये ०.६ मिलिग्रॅम ॲट्रोपिन असतं. आधी तीन फोडल्या. पाच मिनिटांनी नाडी, बीपी, छाती, बुबुळं तपासली. पुरेसा फरक नव्हता, म्हणून दुप्पट, सहा. पुन्हा पाच मिनिटं, मग बारा. काचेच्या माना मोडताना माझी बोटं दुखायला लागली. ऑपरेशनच्या आधी पेशंटला यातली एखादीच दिलेली मी पाहिली होती, आणि इथं ट्रे भरत चालला होता! घाबरून मी सिस्टरांकडं बघितलं. त्या शांतपणे पेशंटच्या काखेत हात घालून बघत होत्या.

“काख कोरडी व्हायला लागली. छाती ऐक आता.”

मी स्टेथोस्कोप लावला. घरघर ओसरत होती. नाडी ऐंशीच्या वर, वरचं बीपी ऐंशीच्या वर, छाती साफ, काख कोरडी, बुबुळं मोठी व्हायला लागलेली. इथं थांबायचं. डोस पुस्तकात नव्हता, पेशंटच्या अंगावर लिहिलेला होता!

त्या रात्री हॉस्टेलवर मी झोपलेच नाही. हे घडलं कसं, ते मला समजून घ्यायचं होतं. आणि समजलं ते मी माझ्या बापाच्या शेताच्या भाषेत. आपल्या अंगातल्या कितीतरी नसा निरोप पाठवतात तो ॲसिटिलकोलिन नावाच्या द्रव्यानं. त्याला पाटाचं पाणी समजा. दारं धरणारा माणूस एका वाफ्याला पाणी दिलं की दार मोडतो आणि पाणी पुढं नेतो. शरीरात हे काम कोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम करतं. ऑर्गॅनोफॉस्फरस जातीचं कीटकनाशक या दारं धरणाऱ्यालाच जखडून टाकतं. मग पाणी वाहतच राहतं. डोळे, तोंड, घाम, आतडी, फुफ्फुसं, सगळे वाफे तुंबतात. माणूस स्वतःच्याच पाण्यात बुडायला लागतो.

ॲट्रोपिन त्या माणसाला सोडवत नाही. ते फक्त वाफ्यांच्या तोंडाशी बोळा घालतं, आणि तेही सगळ्या वाफ्यांच्या नाही. हातापायांचे, मानेचे, श्वासाचे स्नायू ज्या पाटावर आहेत तिथं त्याचा बोळा बसतच नाही. म्हणून दुसऱ्या दिवसापासून सिस्टर दर फेरीला पेशंटला म्हणायच्या, “उशीवरनं मान उचला बघू.” मला वाटायचं, त्या त्याला धीर देतायत. नाही! घाम थांबला, छाती साफ झाली, पेशंट बोलायला लागला, तरी एक ते चार दिवसांत स्नायू ढिले पडू शकतात, आणि त्याची पहिली खूण म्हणजे मान उचलता न येणं. मानेनंतर श्वासाची पाळी असते. एका साध्या वाक्यात त्या येणारं संकट तपासत होत्या.

पण मला खरं वेड लागलं ते त्याच दुसऱ्या दिवशी. ॲट्रोपिनची ड्रिप चालू होती. पेशंटचा चेहरा लाल झालेला, अंग तापलेलं पण घामाचा थेंब नाही, ओठ सुकलेले. हवेतलं काहीतरी पकडल्यासारखा तो चादर चिमटत होता आणि भिंतीवर कोणीतरी आहे म्हणत होता. नातेवाईक म्हणाले, विष डोक्यात चढलं. सिस्टरांनी आतड्यांचा आवाज ऐकला, तो नव्हता. लघवी कधी झाली विचारलं, बराच वेळ झाली नव्हती. त्यांनी लगेच डॉक्टरांना बोलावलं. ड्रिप थांबवली गेली आणि पेशंट निवळल्यावर कमी वेगानं पुन्हा सुरू झाली.

आमच्या मॅडम राऊंडला आल्या होत्या. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, “गावाकडं धोतरा खाल्लेलं माणूस कधी ऐकलंयस का?”

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! धोतरा! रस्त्याकडेला, उकिरड्यावर, पांढऱ्या कर्ण्यासारख्या फुलांचा, काटेरी फळांचा, महादेवाला वाहतो तो धोतरा! धोतरा खाऊन माणसाला वेड लागतं, तोंड सुकतं, भलतंसलतं दिसतं, हे आमच्या आजीनं शंभरदा सांगितलेलं. धोतऱ्यात जी द्रव्यं आहेत त्यातलंच एक ॲट्रोपिन. म्हणजे काल माझ्या हातानं ट्रेमध्ये जमलेल्या त्या सगळ्या ॲम्प्यूलमध्ये धोतऱ्यातलंच विष होतं. त्यानंच माणूस वाचला आणि ते थोडं जास्त झालं तेव्हा त्यालाच धोतरा चढला!

मग याद्यांचं काय झालं? त्या विरघळल्या. तोंड कोरडं पडणं, नजर अंधूक होणं, लघवी अडणं, पोट फुगणं, नाडी धावणं, भ्रम होणं. ही सहा वेगळी कलमं नव्हतीच. एकच बोळा सहा वाफ्यांना बसला होता. फुफ्फुसात तो हवा असतो तेव्हा त्याला आपण उपचार म्हणतो, मूत्राशयात नको असतो तेव्हा साईड इफेक्ट म्हणतो, आणि सगळीकडं घट्ट बसला की टॉक्सिसिटी म्हणतो. काम तेच, जागा आणि माप वेगळं. आणि ज्याचा वाफा आधीच अडलेला आहे, वाढलेल्या प्रोस्टेटनं लघवी तुंबलेली आहे किंवा विशिष्ट प्रकारच्या काचबिंदूनं डोळ्याचा निचरा अरुंद झालेला आहे, त्याला हा बोळा जपून. कॉन्ट्राइंडिकेशनचा रकाना पाठ करायचा नसतो, तो आपोआप लिहिला जातो!

फार्माकॉलॉजी या शब्दाच्या मुळाशी ‘फार्माकॉन’ हा ग्रीक शब्द आहे. त्याचा अर्थ औषध असाही होतो आणि विष असाही. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. जुन्या ग्रीकांनी जे एका शब्दात बांधलं, तेच आमच्या शिवारातली माणसं रोज बोलतात. औषध मारलं, औषध लागलं, औषध घे.

तरी सगळ्यात मोठी गोष्ट पुढंच होती. आठवडाभरानं आमच्याकडं विंचू चावलेला एक शेतकरी आला. बांधावरचे दगड उचलताना चावला होता. घामानं न्हालेला, उलट्या, तोंडाला लाळ. माझ्या मनात लगेच आलं, ॲट्रोपिन! तोच घाम, तीच लाळ, तेच शेत. आणि इथं ते द्यायचं नव्हतं.

का, ते शोधताना मला एक माणूस भेटला, पुस्तकातून. डॉ. हिंमतराव बावसकर. आमच्या मराठवाड्याचे, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. १९७६ साली ते रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवानं तेव्हा माणसं, विशेषतः मुलं, पटापट जायची. बावसकर पेशंटच्या उशाशी बसून नाडी, बीपी, घाम, हातापायांचा गारठा मांडत राहिले. विंचवाचं विष नसांमधली सोडियमची दारं उघडीच ठेवतं, त्यामुळं सुरुवातीला घाम, लाळ, उलट्यांचा पूर येतो. पण तो थोड्या वेळाचा. त्याच्या मागून ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचं वादळ येतं. हातपाय बर्फासारखे गार पडतात, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं, हृदय थकतं आणि फुफ्फुसात पाणी भरतं. अशा धावत्या हृदयाला ॲट्रोपिन दिलं तर त्याचा उरलासुरला ब्रेकच काढून घेतल्यासारखं होतं. एकाला जीवदान देणारं औषध दुसऱ्याला नेमकं उलटं!

बावसकरांनी वापरली ती प्रॅझोसिनची गोळी, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी, ब्लड प्रेशरसाठी आलेली. १९८६ साली त्यांचा अनुभव ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. त्यांच्या नोंदींप्रमाणं, प्रॅझोसिनच्या आधी गंभीर दंशाच्या शंभर पेशंटमागं पंचवीस ते तीस दगावायचे, नंतर हे प्रमाण एकाच्याही खाली आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एक साधी गोळी, खेड्यातला दवाखाना, आणि पेशंटजवळ बसून राहायची तयारी!

या गोळीचा साईड इफेक्टही मला आता कुणी सांगावा लागला नाही. रक्तवाहिन्या सैल होणार, तर उभं राहिल्यावर रक्त पायांकडं जाणार आणि भोवळ येणार. पहिल्या डोसला हे जास्त होतं. म्हणून पेशंटला झोपवूनच ठेवायचं, लेकराला आईनं कडेवर उभं घ्यायचं नाही, उलट्यांनी आणि घामानं अंगातलं पाणी गेलेलं असेल तर ते भरून काढायचं. त्या शेतकऱ्याच्या उशाशी मी बसले होते. तो दोनदा उठायला लागला, दोनदा मी त्याला निजवलं. “दादा, आत्ता नाही उठायचं,” म्हणताना मला कळत होतं की मी एका गोळीच्या साईड इफेक्टला हातानं थोपवतेय. रात्री त्याचे तळवे कोमट लागले तेव्हा मला रडूच आलं.

विंचवावरचं एकनाथांचं भारूड आम्ही गावात कितीदा ऐकलंय. त्यातही अंगाला घाम आल्याचं येतं. आमच्याच मराठवाड्यातल्या पैठणच्या संतानं विकारांची गोष्ट सांगताना विंचवाच्या घामाचा दाखला घेतला, आणि बावसकरांनी गंभीर दंश ओळखायला तोच घाम खूण म्हणून धरला. मी आता ते भारूड ऐकते तेव्हा माझा हात नकळत पेशंटच्या तळव्याकडं जातो.

यानंतर मी प्रत्येक औषधाला तोच प्रश्न विचारायला लागले, तू आणखी कुठं पोचतोस? दम्याच्या सालब्युटामॉलनं हात का थरथरतात? श्वासनलिका सैल करणारं बटण स्नायूंमध्येही आहे म्हणून. मग त्याच बटणाला अडवणारं प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या पेशंटला का द्यायचं नाही, हे विचारायचीही गरज उरत नाही. बाळंतपणात झटके आलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेट देतात, ते नस आणि स्नायूंमधला निरोप मंदावतं. जास्त झालं तर आधी गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडायचा थांबतो, मग श्वास. म्हणून पुढचा डोस भरायच्या आधी गुडघ्यावर हातोडी, श्वास मिनिटाला १६ तरी, लघवी तासाला ३० मिली तरी, कारण हे औषध मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं. आणि कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी तयार. लेबर रूममधली ती छोटी हातोडी मला आधी शोभेची वाटायची. आता ती मला बाळंतिणीच्या दारातली राखण वाटते.

आता पुन्हा फवारणीच्या औषधाकडं. २०१७ साली यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-मजुरांचा जीव गेला. फवारायचं प्रत्येक औषध ऑर्गॅनोफॉस्फरस नसतं आणि प्रत्येकावर ॲट्रोपिनही चालत नाही. म्हणून पेशंटबरोबर बाटली किंवा निदान तिचं लेबल आणायला सांगायचं. हे वाक्य मी आता गावातल्या ज्याला त्याला सांगते.

श्रावणात घरी गेले. आईनं महादेवाला धोतरा आणून ठेवला होता. बापाची फवारणी चालू होती. मी भिंतीतल्या देवळीत काहीतरी शोधायला हात घातला आणि थबकले. कीटकनाशकाची अर्धी बाटली, आजीचे डोळ्यांतले थेंब आणि तिच्या पोटदुखीच्या गोळ्या, सगळं एकाच देवळीत! “औषधं सगळी एका जागी असलेली बरी,” आजी म्हणाली.

गोळ्यांचं पाकीट मी उजेडात धरलं. डायसायक्लोमिन. “आजी, ही घेतली की तोंड सुकतं का गं?”

“लई. रातभर पाणी पीत बसते. तुला कसं कळलं?”

ॲट्रोपिनच्या भावकीतलीच गोळी होती ती. आतड्याच्या पेटक्यावर बसणारा तोच बोळा, आणि आजीचे थेंब काचबिंदूचे! गावातल्या दुकानातनं आणलेली गोळी, डोळ्यांच्या डॉक्टरांना कधी दाखवलेलीच नव्हती. मी त्यांना फोन लावला, आजीचा काचबिंदू कोणत्या प्रकारचा ते विचारलं आणि गोळीचं नाव सांगितलं. त्यांनी ती बंद करून दुसऱ्या दिवशी आजीला घेऊन यायला सांगितलं.

मग मी बापाला हाक मारली. आम्ही दोघांनी मिळून बाटली गोठ्यापलीकडच्या खोलीत नेली, तिला कुलपाची पेटी केली. देवळीत आजीचे थेंब तेवढे राहिले. वहीतलं पान फाडून मी तिथं चिकटवलं आणि मोठ्या अक्षरात थेंबांचं नाव आणि वेळ लिहिली. शब्द एकच राहिला तरी चालेल. जागा मात्र दोन झाल्या.