अण्णांची वसुली

पेढीची खतावणी चाळीस वर्षे सांभाळलेले आमचे अण्णा एकाच ग्राहकाकडे दिवसात तीनदा वसुलीस गेले. मी चारचौघांत त्यांच्यावर रागावलो. पुढे अल्झायमरचे निदान झाले.

पेशीशास्त्र शिकणाऱ्या पुतणीने मला कारण उलगडून सांगितले. मज्जापेशीच्या लांब तंतूत सुमारे २५ नॅनोमीटर व्यासाच्या सूक्ष्मनलिका असतात. ट्युब्युलिन प्रथिनाचे घटक जुळून त्या वाढतात, सुटून आखडतात. पेशीतील मालाची ने-आण त्यांवरूनच चालते. १९७५ मध्ये प्रथम वर्णिलेले टाऊ प्रथिन त्यांच्या जडणघडणीस साहाय्य करते. पेशीतील संदेशांनुसार चालणारी जीएसके-३ सारखी विकरे टाऊवर फॉस्फेट चढवतात आणि त्याची पकड सैल करतात. प्रमाणात घडले तर हे नियमनच होय. या आजारात मात्र फॉस्फेटचा अतिरेक होतो. टाऊ नलिकांपासून सुटते आणि त्याचे गुंते साचतात.

दोष अण्णांचा नव्हताच. मी क्षमा मागितली. त्यांना ना अपराध आठवला, ना क्षमा. मला दोन्ही आठवतात. आता ते दहादा विचारतात, “वसुली झाली का रे?” मी दहादा सांगतो, “झाली, अण्णा.”