माजघरातील कृपा

लग्नमुंजीच्या निमंत्रणपत्रिकेवर आपण पहिली ओळ लिहितो, ती ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ अशी. ती इतक्या वेळा नजरेखालून गेली आहे की तिच्यातील ‘कृपा’ या शब्दापाशी आपण क्षणभरही थांबत नाही. घरात जे मंगल घडते ते केवळ आपल्या कर्तबगारीने घडत नाही, कोणाच्या तरी देण्याने घडते, ही केवढी मोठी कबुली त्या ओळीत आहे! पण मांडव उतरला, पाहुणे गेले, की घराचा कारभार पुन्हा हिशेबावर येतो. कोणी कोणाचे किती केले, कोणी कोणाला केव्हा विचारले नाही, कोणाचा मान राहिला आणि कोणाचा गेला, याची एक वही प्रत्येक कुटुंबात असते. आणि ती कागदाची नसल्यामुळे कधी फाटतही नाही. कृपा दाराशी आणि हिशेब माजघरात, अशी आपल्या संसाराची वाटणी झालेली असते.

ख्रिस्ती धर्मविचारात कृपेला जे स्थान आहे त्याचे चिंतन करताना मला ही वाटणी वारंवार आठवते. मी देवळाच्या परंपरेत वाढलो आणि तिच्याबाहेर जाण्याची इच्छा मला कधी झाली नाही. तरी शेजारच्या घरातील दिव्याचा उजेड आपल्या ओसरीवर पडला, तर तो कोणी पुसून टाकीत नाही.

लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेला एक दृष्टांत आहे. एका गृहस्थाला दोन मुलगे. धाकटा बाप हयात असतानाच आपला वाटा मागून घेतो, दूरदेशी जाऊन तो उधळतो, आणि दुष्काळ पडल्यावर डुकरे राखण्याची पाळी त्याच्यावर येते. शेवटी तो परत निघतो. बापाला काय सांगायचे ते त्याने मनात जुळवून ठेवलेले असते: मुलगा म्हणवून घेण्याची माझी लायकी उरली नाही, मला चाकर म्हणून ठेवा. पण बाप त्याला दुरूनच पाहतो आणि धावत जाऊन मिठी मारतो. जुळवून आणलेले बोलणे पुरते होण्याच्या आत घरात मेजवानीची तयारी सुरू होते. थोरला शेतावरून येतो, गाणेबजावणे ऐकतो आणि उंबरठ्याबाहेरच थांबतो. एवढी वर्षे मी राबलो, माझ्यासाठी तुम्ही एक करडूसुद्धा कापले नाही, असे तो म्हणतो. बाप त्याच्याकडेही बाहेर येतो, त्याची समजूत घालतो. थोरला आत गेला की नाही, हे मात्र येशूने सांगितलेले नाही.

हा दृष्टांत उधळ्या मुलाचा म्हणून प्रसिद्ध असला, तरी मला तो थोरल्याचाच वाटतो. कुलधर्म न चुकवणारे, नैवेद्य वेळेवर दाखवणारे, म्हाताऱ्या आईबापांचे करणारे आपण सारे त्या थोरल्याच्या जातीचे. त्याची तक्रार खोटी नाही. परंतु घरात राहूनही तो मुलाच्या नात्याने राहिला नव्हता. मजुरीची वाट पाहत राहिला होता. धाकटा परतताना जी चाकरी मागायला निघाला होता, ती थोरल्याने मनातल्या मनात कधीच पत्करली होती.

कृपा आधी येते आणि पात्रता मागाहून, हा विचार आपल्याला परका नाही. रामानुजांच्या अनुयायांमध्ये यावरून दोन पक्षच पडले. माकडाचे पिलू आईला घट्ट धरून राहते, तसे भक्ताने देवाला धरले पाहिजे, असे एक पक्ष म्हणतो. मांजराच्या पिलाला आईच तोंडात धरून उचलते, पिलाने काही करावयाचे नसते, असे दुसरा म्हणतो. आणि विठ्ठलाला ‘माउली’ म्हणताना वारकऱ्याने हा वाद केव्हाच मिटवून टाकला आहे, कारण आई लेकराची पात्रता पाहून त्याला जवळ घेत नाही. ख्रिस्ती विचाराचा विशेष मला दिसतो तो पुढच्या पायरीवर. येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली तिच्यात देवाकडे क्षमा मागताना, आम्हीही आमच्या अपराध्यांना क्षमा केली आहे, असे म्हणावे लागते. म्हणजे देवाशी असलेला प्रश्न भावाशी, जावेशी, सुनेशी असलेल्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. देवळातील कृपा माजघरात न्यावीच लागते.

परंतु हे सारे गोमंतकात लिहिताना लेखणी अडखळते. ज्यांची शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आणि ज्यांचा मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, त्यांच्यापुढे ख्रिस्ती कृपेची गोष्ट करायची, तर सोळाव्या शतकाकडे डोळेझाक करून चालणार नाही. देवळे पाडली गेली आणि देव रातोरात नदीपार न्यावे लागले. त्या काळी केवळ देवळेच नव्हे, घरेही मोडली. एक भाऊ जमिनीपाशी राहिला आणि त्याने पाणी घेतले. दुसरा देवाबरोबर पलीकडे गेला. सत्तेच्या जोरावर दिला जाणारा धर्म कृपेचे नाव घेऊ लागला, तर त्या नावाचाच अपमान होतो. कारण जी नाकारण्याची मोकळीक नाही ती कृपा नव्हे.

आणि तरीही याच भूमीने एक विलक्षण गोष्ट केली. शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या बहिणी आहेत, असे लोकांनी मानले. सात बहिणींच्या कथेत त्यांनी सायबिणीला सामावून घेतले. सायबिणीच्या फेस्ताला देवीकडून तेल जावे, देवीच्या जत्रेला सायबिणीकडून फुले यावीत, असा रिवाज पडला. हे कोणा पंडिताने ठरवले नाही. इतिहासाने ज्या घरांची फाळणी केली, त्यांना लोकांनी देवतांच्या पातळीवर पुन्हा एका आईच्या पोटी जन्माला घातले. धर्म वेगळे राहिले, पूजा वेगळ्या राहिल्या, नाते मात्र तुटले नाही.

एकाच छपराखाली दोन धर्म आले, तर काय होते? ख्रिस्ती परंपरेतच याचे जुने उदाहरण आहे. जुन्या गोव्यातील जोगिणींचा मोठा मठ ज्या सांता मोनिकाच्या नावाने आहे, ती चौथ्या शतकातील उत्तर आफ्रिकेची स्त्री. ती ख्रिस्ती, नवरा पात्रिशियस जुन्या रोमी धर्माचा आणि तापट स्वभावाचा. मुलगा ऑगस्टीन बुद्धिमान, पण आईच्या श्रद्धेपासून दूर गेलेला. तिने वर्षानुवर्षे वाट पाहिली. नवऱ्याने आयुष्याच्या अखेरीस आणि मुलाने ३८७ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे कृपेचा सर्वांत मोठा भाष्यकार म्हणून ऑगस्टीनची ख्याती झाली. पण कृपा ही मनुष्याच्या पुढे चालते, हे त्याने ग्रंथांत लिहिण्यापूर्वी आईच्या थांबण्यात पाहिले असावे, असे मला वाटते.

आपल्या मराठीत याहून जवळचे उदाहरण आहे ते रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या संसाराचे. आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेला नवा करार टिळकांनी वाचला, त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारले गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई अशा बापाची लेक, की ज्यांचे सोवळे बाजारातून आलेले जिन्नस धुऊन घेण्यापर्यंत गेले होते. नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी माहेरच्या माणसांच्या आधाराने दिवस काढले. काही काळ त्या पंढरपूरलाही होत्या. नवऱ्याच्या श्रद्धेचा तो प्रकाश बायकोच्या वाट्याला काळोख होऊनच आला, हे विसरून या कुटुंबाविषयी गोड गोड लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

काही वर्षांनी त्या पुन्हा नवऱ्याकडे आल्या, त्या धर्म बदलून नव्हे. त्यांची सोवळ्याची चूल वेगळी राहिली. ज्याला आपल्याला सत्य सापडल्याची खात्री आहे, त्या माणसाने घरात दुसरी चूल पेटू द्यावी, ही गोष्ट लहान नाही. पुढे लक्ष्मीबाईंनी आपल्याच विचाराने जातिभेद टाकला आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. वाचकांपैकी कोणाला या शेवटाचा विषाद वाटेल. तो मी समजू शकतो. माझे लक्ष शेवटावर नाही. दोन चुली पेटत होत्या आणि घर एक होते, त्या मधल्या काळावर आहे. मन वळले तरच प्रेम करीन, अशी अट त्या काळात नव्हती.

आणि कृपा काय फक्त नवऱ्याकडूनच वाहत होती? ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. त्यांतले टिळक थोर कवी आहेत, पण तापट आहेत, लहरी आहेत, हातातला पैसा दुसऱ्याला देऊन घरी रिकाम्या हाताने येणारे आहेत. लक्ष्मीबाई यातले काही लपवीत नाहीत. त्या हिशेबाची वही उघडतात, परंतु वसुलीसाठी नव्हे. सारे जमाखर्च वाचून दाखवतात आणि हसतात. त्यांनी सोसले म्हणून त्या थोर, असे म्हणणे सोपे आणि अन्यायाचे आहे. सोसणे म्हणजे कृपा नव्हे. जे झाले ते जसेच्या तसे सांगायचे आणि तरीही ज्याच्याविषयी सांगतो त्याला मनातून काढून टाकायचे नाही, हे सोसण्याहून फार अवघड. क्षमेला विस्मरण लागत नाही, हे मला त्या पुस्तकाने शिकवले.

त्या घराचे दार बाहेरच्यांनाही उघडे होते. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात ज्याला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, तो त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा मुलगा पुढे नगरला टिळकांच्या घरी राहिला. तो हिंदू होता, हिंदूच राहिला, आणि त्या घराने त्याला मुलासारखे वागवले. १९१८ मध्ये ऐन अठ्ठाविशीत रेल्वेच्या अपघातात तो गेला. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. येशूचे चरित्र ओवीत गाणारे ‘ख्रिस्तायन’ त्यांनी आरंभले होते, पण त्यांच्या हातून दहाच्या आसपास अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. ज्या धर्मांतराने त्यांचा संसार मोडला होता, त्याच श्रद्धेचे काव्य त्यांनी पुरे केले. हीच ओवी तीनशे वर्षांपूर्वी फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने साष्टीत हाती घेतली होती आणि १६१६ मध्ये राशोल येथे ‘क्रिस्तपुराण’ छापले होते. एकीकडे देवळे पाडणारी सत्ता आणि दुसरीकडे सुमारे अकरा हजार ओव्या मराठीत रचणारा पाद्री, अशा दोन्ही गोष्टी आपल्या वारशात आहेत. एकीसाठी दुसरी विसरावी लागत नाही.

एवढ्या थोर उदाहरणांनंतर एका साध्या घराची हकिकत सांगतो. माझ्या नात्यात दोन भावांचे देवस्थानातील पाळीच्या मानावरून बिनसले आणि बोलणे बंद झाले. देवाच्या सेवेची पाळी कोणाची, यावरून भावाने भावाचे तोंड पाहू नये, यातला विनोद त्या दोघांना अखेरपर्यंत उमगला नाही. पण श्रावण आला की थोरल्याची बायको हळदीच्या पानांतल्या पातोळ्या वाफवून धाकट्याच्या घरी पाठवीत असे. निरोप नाही, उपदेश नाही, समेटाची बोलणी नाहीत. धाकटी जाऊ रिकामे ताट कधी परत करीत नसे. त्यात चार केळी, मूठभर अबोली, काहीतरी घालून देई. त्या दोघींनी कृपेवर कधी विचार केला असेल असे वाटत नाही. पुढच्या पिढीतील मुले मात्र एकमेकांच्या अंगणात खेळत वाढली, ती त्या ताटांमुळे.

आज घराघरांत नव्या प्रकारच्या दोन चुली आहेत. मुलगा परदेशी, सून दुसऱ्या प्रांताची; नातीने लग्न केले ते दुसऱ्या धर्मात. धर्म, भाषा, जेवण, सारेच वेगळे. अशा वेळी आपले ते सोडू नये, असे मलाही वाटते. परंपरा टिकवणारा थोरला मुलगा घरात हवाच. फक्त त्याने शेतावरून परतताना अंगणातच थांबून राहू नये. आत दिवे लागलेले आहेत, आणि बाप अजून त्याच्याशी बोलत बाहेर उभा आहे.