वॉर्ड क्रमांक आठ

'वॉर्ड' हा शब्द आपल्याकडे नगरपालिकेच्या निवडणुकीशी जोडलेला. त्याला एखादी चव असू शकते, हे आम्हां दोघींना बॉस्टनमधल्या मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात कळले. 'वॉर्ड एट' हे त्या शहराचे जुने कॉकटेल.

कृती साधी आहे. राय व्हिस्की 60 मिलिलिटर, लिंबाचा आणि संत्र्याचा रस प्रत्येकी 15 मिलिलिटर, ग्रेनडिन एक चमचा. भरपूर बर्फ घालून पंधरा सेकंद जोराने हलवावे आणि गार पेल्यात गाळावे. बर्फ केवळ गारवा देत नाही. त्याचे वितळलेले पाणी मद्याची धारही बोथट करते. अमेरिकी नियमानुसार राय व्हिस्कीच्या धान्यात निदान 51 टक्के राय लागते. तिचा तिखट, कोरडा स्वभाव संत्र्याचा गोडवा पेलून धरतो. ग्रेनडिन म्हणजे मुळात डाळिंबाचा पाक. बाजारातल्या कित्येक बाटल्यांत डाळिंब केवळ रंगापुरते उरले आहे, म्हणून आम्ही डाळिंबाचा रस आणि तितकीच साखर मंद आचेवर एकजीव करून घेतली.

आख्यायिका अशी, की 1898 मध्ये लॉक-ओबर या उपाहारगृहात मार्टिन लोमास्नी यांच्या निवडणुकीतील विजयाप्रीत्यर्थ हे पेय जन्मले. तेही मतदानाच्या आदल्या रात्री, निकाल गृहीत धरून! वॉर्ड आठचा हा सूत्रधार 'महात्मा' या टोपणनावाने ओळखला जाई. आपल्या कानांवर या शब्दाचा जो संस्कार आहे, त्यामुळे आम्ही क्षणभर थबकलो. या जन्मकथेविषयी अभ्यासकांना शंका आहे, आणि पेयाच्या उगमाच्या इतर कथाही सांगितल्या जातात.

आम्हांला बोचली ती गोष्ट मात्र निराळी. त्या उपाहारगृहाच्या मुख्य दालनात 1970 पर्यंत स्त्रियांना प्रवेश नव्हता. म्हणजे ज्या विजयाचा हा पेला, त्याच्या पंगतीत आमच्यासारखीला पाटच नव्हता. लोमास्नींची वेस्ट एंड ही स्थलांतरितांची वस्ती तर 1950 च्या दशकाच्या अखेरीस 'नूतनीकरणा'च्या नावाखाली भुईसपाट झाली. लॉक-ओबरही 2012 मध्ये बंद पडले.

वस्ती गेली, दालन गेले, उरले ते पेल्याचे नाव. वर्गात आम्ही शब्दांचे इतिहास शिकवतो; पण शब्द कोणाला लक्षात ठेवतो याइतकेच तो कोणाला वगळतो, हेही शिकवायला हवे. पेय चवदार आहे, यात वाद नाही. ते पिताना त्याची कथा मात्र न गाळता सांगावी.