कड सांभाळ

घोषणा मी पुष्कळ ऐकल्या आहेत. पाण्यासाठीच्या, उसाच्या दरासाठीच्या, गिरणीच्या फाटकासमोरच्या. प्रत्येक घोषणेमागं कुणाचं तरी काहीतरी अडलेलं असतं. म्हणून बॉस्टनच्या एका हॉटेलातली घोषणा वाचली तेव्हापासून ती माझ्या कानातून जात नाही. १९७१ सालच्या सप्टेंबरचे पहिले दिवस. विज्ञानकथांच्या वाचकांचं जागतिक संमेलन भरलेलं. आणि एमआयटीत शिकणारी मुलं हॉटेलच्या बोळांतून ओरडत हिंडताहेत : ‘रिंगवर्ल्ड अस्थिर आहे! रिंगवर्ल्ड अस्थिर आहे!’

रिंगवर्ल्ड कुठंच नाही. ते लॅरी निव्हन या अमेरिकन लेखकाच्या डोक्यातून आलेलं एक प्रचंड कडं आहे, त्याच नावाच्या कादंबरीतलं. कादंबरी आदल्या वर्षी आलेली. त्याच संमेलनात तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार वाचकांच्याच मतांनी ठरतो. ज्या पुस्तकाला वाचक डोक्यावर घेत होते, त्याच पुस्तकातलं जग कोसळेल म्हणून त्याच छपराखाली वाचकच ओरडत होते. मला यात विसंगती दिसत नाही. ज्या घरावर जीव असतो, त्याच्याच भिंतीला गेलेली चीर आपल्याला दिसते.

निरांजन पेटवावं आणि त्याच्याभोवती जमिनीवर एक बांगडी ठेवावी, तसं हे जग आहे. निरांजनाच्या जागी सूर्यासारखा तारा. बांगडीची त्रिज्या सुमारे पंधरा कोटी किलोमीटर, म्हणजे पृथ्वी आपल्या सूर्यापासून आहे साधारण तितकी. पट्टीची रुंदी सोळा लाख किलोमीटर, आणि दोन्ही कडांना सोळाशे किलोमीटर उंचीच्या भिंती, हवा सांडू नये म्हणून. माणसं, नद्या, समुद्र, जंगलं सगळं आतल्या बाजूला, ताऱ्याकडं तोंड करून. कडं सेकंदाला बाराशे किलोमीटरहून जास्त वेगानं फिरतं, म्हणून पाय जमिनीला टेकलेले राहतात. रात्र पडावी म्हणून ताऱ्याजवळ चौकोनी पडदे फिरत ठेवलेले. तीस लाख पृथ्व्यांची जमीन पसरून ठेवावी एवढी जागा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ नुसती बसून राहिले होते.

मुलांचं म्हणणं सरळ होतं. बांगडी अगदी बरोबर मध्यावर आहे तोवर ठीक. सगळ्या बाजूंनी ओढ सारखी. पण ती केसभर जरी सरकली, तर जी बाजू ताऱ्याच्या जवळ आली तिच्यावरची ओढ वाढते, ती आणखी जवळ येते, ओढ आणखी वाढते. कड्याला परत मध्यावर आणणारं काही नाही. एक दिवस ते ताऱ्याला जाऊन घासणार. आणि हे गणित नवं नव्हतं. अठराव्या शतकात लाप्लासनं शनीच्या कड्यांबद्दल हेच दाखवलं होतं : एकसंध, एकसारखं घन कडं ग्रहाभोवती टिकत नाही. जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं १८५९ साली छापलेल्या प्रबंधात गणित पुरं केलं आणि सांगितलं की शनीची कडी असंख्य सुट्या तुकड्यांचीच असणार, प्रत्येक तुकडा आपापल्या वाटेनं फिरणारा. शनीसाठी मांडलेला हिशेब शंभरावर वर्षांनी बॉस्टनमधल्या मुलांनी एका कादंबरीला लावला.

वाचक तिथंच थांबले नाहीत. पहिल्या आवृत्तीत नायक आपल्या वाढदिवसाचा दिवस लांबवायला एका शहरातून दुसऱ्या शहरात क्षणात उडी मारत पूर्वेकडं जातो. पूर्वेकडं गेलं तर दिवस लांबत नाही, आखडतो! निव्हननं नंतरच्या छपाईत त्याला पश्चिमेकडं वळवलं. आणि फ्लोरिडातल्या एका शाळेच्या वर्गानं तर मातीचा प्रश्न काढला. या कड्याच्या पोटात धगधगतं काही नाही, जमीन वर उचलणारं कुणी नाही. मग पाऊस पडत राहील, नद्या वाहत राहतील आणि काही हजार वर्षांत सगळी सुपीक माती समुद्राच्या तळाशी जाऊन बसेल. धरणातला गाळ ट्रॉलीनं उपसून शेतात नेणाऱ्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही.

शाळेतल्या पोरांनी विचारलेला हा मातीचा प्रश्न वाचला आणि मला मावशी आठवली.

मावशीची सांगलीत खानावळ होती. दोन खोल्या, मागं पत्र्याची शेड, शेडमध्ये चार चुली. पंचेचाळीस-पन्नास पानं रोज उठायची, शिवाय डबे. ती आईची सगळ्यात थोरली बहीण, पण साऱ्या गल्लीची मावशीच. चातुर्मासात दुपारची कामं आवरली की ती विठ्ठलाच्या देवळात पोथी ऐकायला जायची आणि सुट्टीत मी तिच्याकडं असले की माझा हात धरून मलाही न्यायची. पोथी श्रीधरस्वामींची, पांडवप्रताप. वाचायला एक निवृत्त शाळामास्तर. बायका वाती वळत ऐकायच्या. मावशीच्या मांडीवरही कापसाचा पुंजका असायचा, पण तिचे हात मध्येच थांबायचे. हात थांबले की समजावं, मावशीला काहीतरी खटकलंय.

त्या दिवशी युद्धाची तयारी चालली होती. एकीकडं अकरा अक्षौहिणी, एकीकडं सात. मास्तरांचा आवाज चढलेला. शंख वाजायचेच बाकी होते. मावशीचे हात थांबले.

‘गुरुजी,’ ती म्हणाली, ‘अक्षौहिणी म्हणजे माणसं किती?’

मास्तरांना पाठ होतं. रथ २१,८७०, हत्ती तेवढेच, घोडे ६५,६१० आणि पायदळ १,०९,३५०.

‘आणि एवढ्यांचं जेवण कोण करत होतं?’

देवळात शांतता पसरली. कुणीही हसलं नाही, हे मला आजही स्पष्ट आठवतं. तिथं बसलेल्या प्रत्येक बाईनं त्या दिवशी सकाळी चूल पेटवलेली होती. मग एक आजी म्हणाल्या, द्रौपदीची थाळी होती की, सूर्यानं दिलेली. मावशीनं मान हलवली. ‘ती वनवासातली, बारा वर्षांपुरती. आणि कौरवांना कुठली थाळी?’ पलीकडच्या वाड्यातल्या कानडी काकू म्हणाल्या, आमच्यात सांगतात, उडुपीच्या राजानं दोन्ही सैन्यांना जेवू घातलं. रोज रात्री तो कृष्णाला उकडलेले शेंगदाणे द्यायचा, कृष्णानं किती खाल्ले ते मोजायचा, आणि त्यावरून उद्या किती हजार माणसं जेवायला उरणार नाहीत ते ताडायचा. म्हणून अन्न कधी कमी पडलं नाही, वाया गेलं नाही. ऐकून मावशी बराच वेळ गप्प होती. खानावळ चालवणाऱ्या माणसाला ही गोष्ट किती खोल लागते ते मला तेव्हा कळलं नव्हतं. उद्याची पानं किती हा आकडा तिला रोज रात्री हवा असायचा, आणि कोण खाडा करणार हे कुणी आधी सांगायचं नाही.

शेंगदाणा आपल्याकडं दक्षिण अमेरिकेतून, पोर्तुगीजांच्या काळात आला हे मी फार नंतर वाचलं. वाचल्याबरोबर वाटलं, धावत जाऊन मावशीला सांगावं. तेव्हा ती नव्हती.

त्या रात्री हिशेबाची वही उलटी करून मागच्या पानावर तिनं मला आकडे लिहायला लावले. हत्ती-घोडे सोडून दे, त्यांचं ते बघतील; रथातलेही सोड, ते मोठ्या घरचे. फक्त पायदळ. अठरा गुणिले १,०९,३५०. झाले १९,६८,३००. माणशी तीन भाकरी, एका वेळच्या. ‘लढणाऱ्याला तीन पुरत नाहीत,’ ती म्हणाली, ‘पण धर तीन.’ ५९,०४,९००. आता एका तव्यावर, सरावाचा हात असेल तर, मिनिटाला एक भाकरी. चार तास पाठ सरळ न करता बसलं तर दोनशे चाळीस. भाग लाव. मी भाग लावला. चोवीस हजार सहाशे आणि काही. एका वेळचं जेवण, नुसत्या भाकरी, कालवण धरलेलं नाही, तरी चोवीस हजार सहाशे चुली, आणि प्रत्येक चुलीपुढं एक माणूस.

मावशी त्या आकड्याकडं बघत राहिली. ‘लाकूड कुठलं आणलं असेल?’ ती म्हणाली. मग, ‘पाऊस नव्हता ते बरं.’ आणि बऱ्याच वेळानं, ‘धुरानं डोळे गेले असतील गं त्यांचे.’

त्यांचे. त्या चोवीस हजार सहाशे जणी माझ्यासाठी तेव्हा जन्मल्या. पुढं इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ वाचलं आणि भारावले. पण महाभारताला प्रश्न विचारता येतो, आणि विचारल्यानं ते लहान होत नाही, हे मला त्याआधीच एका उलट्या वहीनं शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी मावशी पुन्हा पोथीला गेली. नेहमीपेक्षा पुढं बसली.

निव्हननंही वाचकांचं म्हणणं ऐकून घेतलं. रिंगवर्ल्डवर पुन्हा लिहायचं त्याच्या मनात नव्हतं, पण दहाएक वर्षांनी त्यानं दुसरी कादंबरी लिहिली आणि तिच्यात उत्तरं दिली. समुद्राच्या तळाचा गाळ ओढून कडेच्या भिंतीवरून परत आत टाकणारे नळ आले. त्या गाळाचे भिंतीलगत डोंगर झाले आणि डोंगरांवर राहणारी माणसं आली. कडं मध्यावर ठेवायला भिंतीच्या माथ्यावर इंजिनं आली, सरकलेल्या कड्याला हलकेच जागेवर रेटणारी. मग ते सरकतंय का? तर तिथल्याच एका पुढारलेल्या समाजानं ती इंजिनं भिंतीवरून काढली आणि आपल्या यानांना बसवली. त्यांना दूरचे तारे बघायचे होते. इंजिनं आयती होती. काढली तेव्हा कुणाच्या पायाखालची जमीन हलली नाही.

गोष्ट म्हणून मला पहिलं पुस्तक जास्त आवडतं. पण ही एक कल्पना मी पहिल्या पुस्तकाच्या सगळ्या अफाटपणापेक्षा मोठी मानते. पोरांनी विचारला होता भौतिकशास्त्राचा प्रश्न, उत्तर आलं राजकारणाचं. आमच्याकडं नदीवर कोल्हापुरी बंधारे आहेत. पावसाळा सरला की त्यांच्या गाळ्यांत लोखंडी बर्गे बसवतात, तेव्हा पाणी अडतं. बर्गे चोरीला जातात. लोखंडाला भाव येतो. नेणाऱ्याला त्या रात्री नदी कोरडी दिसत नाही. ती दिसते फेब्रुवारीत, आणि दुसऱ्याच कुणाला.

अवकाशात वसलेल्या समाजांबद्दल वाचक ज्या कळकळीनं भांडतात, तिचं मूळ मला इथं सापडतं. स्कॉटिश लेखक इयन बँक्सनं १९८७पासून ‘कल्चर’ नावाच्या समाजावर कादंबऱ्या लिहिल्या. २०१३ साली तो गेला, भांडण चालूच आहे. कल्चरमध्ये पैसा नाही, टंचाई नाही, आजार नाही. कारभार अतिबुद्धिमान यंत्रं बघतात, प्रेमानं बघतात. तिथंही कडी आहेत, पण ती ताऱ्याला वेढत नाहीत. लहान आहेत, ताऱ्याभोवती ग्रहासारखी फिरतात, म्हणून बॉस्टनची घोषणा त्यांना लागू होत नाही. वाचक विचारतात ते वेगळंच. इतक्या मायेनं सांभाळलेली माणसं स्वतंत्र की पाळलेली? स्वतः सुखात असलेल्या समाजानं दुसऱ्यांच्या भानगडीत हात घालावा का? मी या वादात पाळलेली म्हणणाऱ्यांच्या बाजूनं आत शिरते आणि दर वेळी एका प्रसंगापाशी अडते.

‘यूज ऑफ वेपन्स’मधला प्रसंग. एका प्रचंड जहाजावर बाहेरून आलेला नायक बघतो, एक माणूस टेबलं पुसतोय. यंत्रं आहेत, मजुरी नाही, कुणी कामाला लावलेलं नाही. मग का? त्या माणसाचं सांगणं इतकंच की पुसलेलं टेबल स्वच्छ होतं, आणि ते डोळ्यांना दिसतं. उद्या पुन्हा मळेल, म्हणून आजचं पुसणं खोटं ठरत नाही. तो एरवी विद्वान माणूस आहे. हे त्याला आवडतं.

मावशीला तो पटला असता का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तिनं आधी विचारलं असतं, टेबलं किती. मग विचारलं असतं, कंटाळा आला तर उठायची मुभा आहे का त्याला. आहे म्हटल्यावर ती गप्प झाली असती. तिला ती मुभा चाळीस वर्षांत मिळाली नाही. आणि तरी तिची भाकरी बघायला कॉलेजची मुलं शेडच्या दारात उभी राहायची.

तिनं मला शिकवली तेव्हा माझ्या भाकरीचे काठ चिरायचे. शाळूचं ताजं दळण, विरी न गेलेलं पीठ, पाणी आधणाचं, मळणं तिनंच मळलेलं, तरी चिरायचे. मी सगळं लक्ष मध्यावर लावायची, तिथं जोर द्यायची, आणि भाकरी परातीत एका अंगाला सरकून जायची. मावशी मागं येऊन उभी राहिली. तिनं माझ्या डाव्या हाताची बोटं धरून भाकरीच्या कडेला लावली, जेमतेम टेकतील अशी. उजवा हात हलका पडायला लागला. पीठ फिरायला लागलं. जरा इकडं झुकलं की बोटं त्याला आत घेत होती, जरा तिकडं झुकलं की पुन्हा.

‘मधलं होतं आपोआप,’ ती म्हणाली. ‘तू कड सांभाळ.’